भांडीवाले शेठ आणि भाग दुसरा

"भांडं असो का भूत, टिचकी मारल्याबिगर कळत न्हाई," असं आमचे घरमालक शेठ म्हणायचे. भांड्यांपुरतं ते मी डोळे झाकून मान्य करतो. जुन्नरच्या पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान, आजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनचं, आणि शेठची मराठी माझ्यापेक्षा रांगडी. एकदा राजुरीची एक बाई पितळी हंडा मोडीत घालायला घेऊन आली. शेठनी हंडा कानाशी धरला, मधल्या बोटानं एक टिचकी मारली आणि म्हणाले, "मावशी, ह्यो जिन्यावरनं पडलाय. आन् पडला तवा भरलेला व्हता."

बाईनं पदर तोंडाला लावला. "आगं बाई! तुमाला कुनी सांगितलं?"

"त्यानंच सांगितलं की आत्ता."

भुतांचं पटायला मला पुढं बराच काळ लागला. ती भुतं टीव्हीतली होती आणि टीव्ही माझा होता.

मी आंबेगाव तालुक्यातल्या पारगावचा. साखर कारखान्याच्या भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, अशा गावात वाढलो. जुन्नरला एका शाळेत विज्ञान शिकवायला आलो आणि शेठच्या दुकानावरच्या त्यांच्या घराच्याही वरची, गच्चीला लागून असलेली खोली भाड्यानं घेतली. शाळा सकाळची. दुपारी माझ्यासारख्या सडाफटिंग माणसानं करायचं काय? मी एक सेकंडहँड गेमिंग कन्सोल घेतला, खिडक्यांना जाड चादरी लावल्या आणि भर दुपारी अंधार करून खेळायला लागलो. खेळ असा: अंतराळात भरकटलेलं एक जहाज. आतली माणसं मेलीत, पण मेल्यावर गप्प पडून राहतील तर शपथ. त्यांची काहीतरी भलतीच जनावरं झालीत आणि ती अंधारात हिंडतात. गोळ्या कमी, बॅटरी मिणमिणती, आणि आपण एकटे.

एके दिवशी दारावर थाप पडली. "सर, वर कोन किंचाळतंय? खाली गिऱ्हाईक घाबारतंय राव."

मी म्हटलं, संपलं, आता खोली खाली करा म्हणणार. शेठ आत आले, साठी उलटलेला माणूस, चष्मा कपाळावर. त्यांनी टीव्हीतल्या त्या लांबलचक अंधाऱ्या बोळाकडं पाहिलं. "ह्ये तर लेण्याद्रीच हाय की. नुसत्या ट्यूबलायटी लावल्यात." आणि खाली बसले. ते बसले ते बसलेच. दुसऱ्या दिवसापासून दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की दुकान नोकरावर टाकून शेठ वर.

माणूस विक्षिप्त आहे हे मला आधीच कळलं होतं. पेठेतल्या कुठल्याही भांड्यांच्या दुकानात बघा, पराती आणि पातेल्यांच्या उतरंडी छताला टेकलेल्या. आमच्या शेठकडं एकावर एक भांडं नाही. प्रत्येक परात वेगळ्या खिळ्याला, प्रत्येक हंडा वेगळा जमिनीवर. निम्मं दुकान त्यात वाया जायचं. आणि सत्काराचं तर विचारू नका. शाळेला त्यांनी खिचडी शिजवायची मोठी पातेली दिली, तर आम्ही शाल-नारळ घेऊन गेलो. शेठ मागच्या कोठीत जाऊन लपले! हेडमास्तरांनी नारळ गल्ल्यावर ठेवला, तो त्यांनी संध्याकाळी वर माझ्याकडं पाठवला. "तुमी खावा. आमाला नारळ पचत न्हाई."

खेळाचा पहिला भाग शेठनी सहा महिने खेळला आणि त्यात त्यांनी जे काही मारलं ते मारलं. खालून त्यांच्या मिसेस, म्हणजे काकी, ओरडायच्या, "मुंगी दिसली तर पाऊल वाकडं टाकनारा मानूस, आन् वर जाऊन काय करतोय बघा!" मग पर्युषण आलं. शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, जैन लोक एकमेकांची वर्षभराची क्षमा मागतात. शेठ माझ्याकडं आले, मला हात जोडून "मिच्छामि दुक्कडम" म्हणाले आणि मग बंद टीव्हीकडं वळून त्यालाही हात जोडले. "कळत-नकळत ज्येंचा जीव घेतला, त्येनी माफ करावं."

मी फिस्सकन हसलो. शेठ हसले नाहीत, म्हणून मीही हसू गिळलं.

त्यानंतर दुसरा भाग आला. उतरवून घ्यायला जुन्नरच्या इंटरनेटनं चार दिवस खाल्ले. हा भाग एका चंद्रावरच्या बंद पडलेल्या खाणीतला, पहिल्याच्या दसपट भयंकर. शेठ पहिल्याच दिवशी काकींना घेऊन वर आले आणि त्यांच्यासमोर म्हणाले, "ह्या टायमाला येक बी जीव मारनार न्हाई. पच्चक्खाण घेतलंय." पच्चक्खाण म्हणजे त्यांच्यातला नेम, एकदा घेतला की मोडायचा नाही.

माझं डोकंच फिरलं. "अहो शेठ, तो मारायचाच खेळ आहे! आणि ती आधीच मेलेली आहेत."

"चालतंय, भुकेलंय, आवाज झाला की वळून बगतंय. मेलेलं कसं म्हनायचं सर? आन् घर त्येंचं हाय. पावणं आपन हाय."

तेव्हापासून ते त्या जनावरांना 'मालक' म्हणायला लागले. "गप. मालक आलं." घरमालकानं माझ्या खोलीत बसून मला हे सांगायचं!

दुसऱ्या भागात एक नवी मेख होती. हातातल्या कंट्रोलरला बारीक माइक होता आणि तो आपल्या खोलीतला खराखुरा आवाज ऐकायचा. आपण खोकलो की खेळातलं जनावर मान वळवायचं. आता तुम्हीच सांगा, खाली भांड्यांचं दुकान! एखाद्या पोरानं तांब्या पाडला की चंद्रावर शेठचा मुडदा. मी म्हटलं, सेटिंगमध्ये जाऊन माइक बंद करू. शेठनी माझा हात धरला. "त्याला ऐकू येऊ द्या. त्याचं कान बंद करून जिकायचं, ह्ये काय खरं न्हाई."

आणि मग त्या माणसानं जे केलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. त्यांनी तो खेळ कानानं खेळला. डोळे मिटून मान एका बाजूला कलती करायचे. "डावीकडच्या पायपात हाय. जाड पत्रा हाय, पाय सावकास टाकतंय. त्याला लागलंय कायतरी." आम्ही उजवीकडून जायचो, आणि मागं वळून बघितलं की डावीकडच्या पाइपातून लंगडत मालक उतरलेलं असायचं. माझ्या अंगावर काटा यायचा. मी हा भाग एव्हाना रात्री एकटा बसून पुरा खेळलो होतो, सगळ्या वाटा मला पाठ, तरी शेठ ज्या वाटेनं गेले ती मला दिसलीच नव्हती. वाटेत पडलेल्या गोळ्या ते उचलायचे नाहीत. "कशाला वझं?" बंदूक तशीच पाठीला लटकलेली. मी विज्ञानाचा मास्तर, पोरांना ध्वनीचा धडा शिकवतो, आणि ध्वनी म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं.

सूर्य कलायला लागला की मात्र खेळ बंद. सूर्यास्तानंतर शेठ जेवत नसत, त्यामुळं उजेड आहे तोवर ताटावर बसायचं. एकदा मालक ऐन पुढ्यात आणि शेठनी कंट्रोलर खाली ठेवला. "चला, जेवायची येळ झाली."

"अहो, पॉज तरी करा! मराल!"

"मरू द्या की. उद्या परत हायच मी." जिन्यापाशी थांबून ते म्हणाले, "आन् पॉज काय करताय? बिबट्याला पॉज असतोय व्हय?"

हा बिबट्या कुठून आला, ते मला खाणीच्या शेवटच्या कोठीत कळलं.

ती सामानाची कोठी. ठेंगणं छत, दोन्ही बाजूंना पत्र्याची पिंपं रचलेली, समोर एकच दार, आणि दार आणि आपण यांच्यामध्ये शेवटचं मालक बसलेलं, सगळ्यांत मोठं. बाजूला एक लोखंडी कपाट. कपाटात लपता येतं, पण आतून दार धरून ठेवायला एक बटण दाबूनच धरावं लागतं. खेळ तुमच्या पायाशी आग फेकणारी बंदूक आणून ठेवतो. म्हणजे काय करायचं ते सरळ आहे. मी इंटरनेट पालथं घातलं, खेळलेल्या एकूण एक माणसानं तिथं त्याला जाळलं होतं. मी शेठना म्हटलं, "इथं नेम मोडावाच लागेल. पुढं वाट नाही."

बघितलं तर शेठचा चेहरा पांढराफटक. कंट्रोलर खाली ठेवून ते जिना उतरून गेले. अजून चांगलं ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुकानामागच्या कोठीत नेलं. ठेंगणं छत, एकच दार. एक तांब्या हातात घेऊन त्यावर बोट फिरवत ते बोलायला लागले.

"बावीस वर्साचा व्हतो मी. तवा बिबटं आत्तासारखं उसात नव्हतं, डोंगरातनं कदी चुकून यायचं. सकाळची येळ. मी हितं भांडी पुसत व्हतो आन् ती दारातनं आत आली. मादी व्हती. मानसं कुठंतरी मागं लागली व्हती तिच्या. लई दमली व्हती. माज्याकडं बगितलं, आन् दारापाशी बसली. डोकं बी खाली ठिवलं पायावर. तिनं मला कायच केलं न्हाई सर. मी त्या कोपऱ्यात, परातींच्या उतरंडीमागं. गप बसलो आसतो तर दम खाऊन गेली आसती. पर मला धीर निगंना. मी उतरंडीला लाथ घातली."

त्यांनी तांब्या खाली ठेवला, अगदी अलगद, आवाज होऊ न देता.

"त्यो आवाज आजून माज्या कानात हाय. ती उडाली ती भाईर. भाईर आख्खी पेठ, काठ्या, फावडी घिऊन. मी हितनं ऐकत व्हतो. मग मला खांद्यावर घेतला. बिबट्याला भाईर काडनारा म्हनून सत्कार केला राव माजा. शाल, टोपी, नारळ."

"तुम्ही घाबरला होता शेठ, कुणीही घाबरलं असतं," असलं काहीतरी मी पुटपुटलो.

"त्ये खरं हाय. पर किती येळ बसाया पायजे व्हतं, ह्ये मला कळाया पायजे. चाळीस वर्सं झाली, मी त्येच मोजतोय. त्या दिवसापासनं मी सामायिकाला बसलो न्हाई. कुठल्या तोंडानं बसू?"

सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर, काहीही न करता, कुणालाही न दुखवता स्थिर बसणं. काकी रोज सकाळी बसत. मोबाइलवर वेळ लावत नसत. सासूबाईंच्या वेळची लाकडी चौकटीतली काचेची घडी होती, वरची रेती खाली उतरायला बरोबर तेवढाच वेळ लागायचा. लग्न झाल्यापासून नवऱ्याला आपल्या शेजारी एकदाही बसलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

मग सुरू झाले ते अकरा दिवस. शेठनी कपाटात शिरून वाट बघायचं ठरवलं. मालक आपणहून उठून जाईल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "शेठ, तो बिबट्या नाही, प्रोग्रॅम आहे. कुणीतरी ऑफिसात बसून लिहिलेला."

"मग त्यो ल्हिनारा बी मानूसच आसंल की."

पहिल्या दिवशी सातव्या मिनिटाला कुकरची शिट्टी झाली. मालकानं कपाटाचं दार उपटलं. मग एकदा टेंपोचा हॉर्न, एकदा माझाच फोन, एकदा गच्चीवर माकडं. मी स्वतः करून बघितलं, नऊ मिनिटांच्या वर काही टिकलो नाही. कुणी आवाज केला म्हणून नव्हे, मलाच सहन होईना. समोर ते बसलेलं, फटीतून दिसतंय, आणि पायाशी बंदूक. मी जाळलं त्याला. शेठना सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी शेठ मरून खाली गेले तेव्हा काकी जिन्यात उभ्या होत्या. "उद्या मी बगते," एवढंच म्हणाल्या.

बाराव्या दिवशी ऐन लग्नसराईत, भर दुपारी, शेठनी दुकानाचं शटर ओढलं. रुखवताची भांडी घ्यायला आलेली माणसं परत गेली. काकींनी कुकर चढवलाच नाही. घरातले सगळे मोबाइल, माझासुद्धा, गोळा करून पिठाच्या डब्यात पुरले. शेजारीपाजारी सांगून आल्या, "आमच्याकडं पाठ हाय, जरा आवाज कमी ठिवा." मी म्हटलं, "काकी, खोटं कशाला?" त्या माझ्यावरच उखडल्या. "खोटं कसं? मग काय हाय ह्ये, तमाशा?" मी कंट्रोलर मध्येच झोपून जाऊ नये म्हणून सेटिंग बदललं आणि भिंतीला टेकून बसलो.

काकींनी ती घडी आणली आणि टीव्हीसमोर ठेवली.

शेठ दचकले. "आगं, ह्ये सामायिक न्हाई. सामायिकात आसलं काय हातात धरत न्हाईत."

"मला कळतंय त्ये. नुसता येळ मोजा तुमी." त्यांनी घडी उलटी केली आणि दारापाशी आपलं आसन टाकून बसल्या.

शेठ कपाटात शिरले. अंगठा बटणावर दाबला.

मालक उठलं. कपाटापाशी आलं. फटीतून त्याचा एक डोळा दिसला, ओला, पिवळट. त्याच्या श्वासानं पडदा धुरकटला. शेठ हलले नाहीत. खेळात आपल्या काळजाचे ठोके कंट्रोलरमध्ये थरथरतात, ती थरथर मला पलीकडून दिसत होती, त्यांची मनगटं हलत होती. मालक वळलं, दारापाशी गेलं आणि बसलं. डोकं खाली ठेवलं.

रेती पडत होती. पेठेत कुठंतरी एक स्कूटर सुरू झाली. मालकानं मान वर केली. आम्ही तिघांनी श्वास धरला. मान खाली गेली. मला खोकला आला, मी टॉवेल तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी आलं पण आवाज केला नाही. पाव घडी गेली. निम्मी गेली. शेठचा अंगठा पांढरा पडला होता. आणि मग मला जाणवलं की त्यांची मनगटं हलायची थांबलीत. कंट्रोलरमधले ठोके मंद होत होत थांबल्यासारखे झाले होते. ते मंद होतात हेच मला माहीत नव्हतं. इतका वेळ कुणी थांबलंच नव्हतं ना! कोण कुठला तो लिहिणारा, त्यानं ही वाट लिहून ठेवली होती आणि जगातलं कुणी तिथवर गेलं नव्हतं. जुन्नरच्या पेठेतला एक भांडीवाला गेला. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मालक उठलं. अंग झाडलं, कुत्रं झाडतं तसं. कपाटाकडं एकदा बघितलं. मग कोपऱ्यातल्या पाइपात शिरलं. जाड पत्र्यावर त्याची पावलं लांब लांब जात गेली. शेठ मान कलती करून ऐकत होते. समोर दार मोकळं.

मी टॉवेल काढून कुजबुजलो, "शेठ, गेलं! पळा!"

ते हलले नाहीत. घडीत वर चिमूटभर रेती उरली होती, ती पुरी उतरेपर्यंत तसेच बसले. मग अंगठा उचलला. तो सरळ होईना, दुसऱ्या हातानं त्यांनी तो उघडला.

"सर," ते म्हणाले, "घडी बी पुरी लागली न्हाई."

मी मान हलवली.

"ही आईची घडी हाय. तवा बी हितंच व्हती. त्या कोठीच्या वर, देव्हाऱ्यात."

आणि साठी उलटलेला तो माणूस लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला. मालक ऐकेल, परत येईल, कशाचीही पर्वा न करता रडला. काकी उठल्या नाहीत. त्यांनी त्याला पोटभर रडू दिलं. मग आपलं आसन थोडं सरकवलं, येताना आणलेलं दुसरं शेजारी पसरलं, हात लांब करून घडी जवळ ओढली आणि नवऱ्याकडं बघत थांबल्या. शेठनी कंट्रोलर माझ्याकडं दिला, डोळे पुसले आणि त्या रिकाम्या आसनावर जाऊन मांडी घातली. काकींनी घडी उलटी केली.

टीव्हीवर दार तसंच उघडं होतं. मी तो बंद केला नाही, बटणाचा आवाज झाला असता. खोली माझीच, पण चपला हातात घेऊन मी जिना उतरलो आणि खाली पायरीवर बसून राहिलो, अठ्ठेचाळीस मिनिटं.